सोवळ्याचं वायफाय

आमच्या घरी राउटरवर कुठलं सॉफ्टवेअर बसवायचं यावर जेवढे दिवस चर्चा चालली, तेवढे दिवस माझं लग्न ठरवायलाही लागले नव्हते. माझ्या वेळी पत्रिका, गोत्र आणि एक फोटो एवढ्यावर भागलं होतं. राउटरच्या वेळी मात्र माझे सासरे, रामाचार्य, म्हणजे आमचे अप्पा, तीन आठवडे वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसत होते.

मी हैदराबादच्या एका कंपनीत नेटवर्कचं काम करते. लग्न होऊन भालकीला आले तेव्हा कंपनीने घरून काम करायला परवानगी दिली, ती एका अटीवर. कामाचा लॅपटॉप घरातल्या बाकीच्या यंत्रांपासून वेगळा ठेवायचा. टीव्ही, दारावरचा कॅमेरा, आल्यागेल्यांचे फोन, यांतलं काहीही त्याच्या वाटेला जाता कामा नये. सहा महिने बघू, ठीक चाललं तर कायमचं. नाही चाललं तर हैदराबादच्या ऑफिसात हजर व्हायचं किंवा राजीनामा द्यायचा. आणि या घरातली सून हैदराबादेत एकटी राहील, हा विषय कुणी काढलाही नसता. म्हणजे घरची फायरवॉल, नेटवर्कात काय आतबाहेर जाऊ द्यायचं ते ठरवणारा पहारा, नीट राहिली तर माझी नोकरी राहणार होती.

गिरिधर, माझा नवरा, इथल्याच कॉलेजात इतिहास शिकवतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "तुला बरं वाटतंय ते कर. मॅच बघताना अडकायला नको म्हणजे झालं." अप्पांचं तसं नव्हतं. अप्पांनी तीस वर्षं भालकीहून खटकचिंचोळीला एसटीने जाऊन हायस्कुलात गणित शिकवलं. दर रविवारी ते उदगीर, लातूर, कलबुर्गीच्या दहा-बारा जणांना टॅबवरून स्तोत्रांचा पाठ देतात. त्यांना कुठलीही गोष्ट मुळापासून लागते.

"आधी मला हे सांग," ते म्हणाले, "ह्याचा मूळ ग्रंथ कुठला?"

मी सांगितलं की फुकट मिळणारी, कुणालाही आतून वाचता येणारी तीन नावं माझ्या डोक्यात आहेत. ओपनडब्ल्यूआरटी लहान डब्यावर चालतं, पण केबलवाल्याने दिलेल्या आपल्या डब्यावर ते बसत नाही. पीएफसेन्स जुन्या कॉम्प्युटरवर बसतं. आणि ओपीएनसेन्स हे त्या पीएफसेन्समधूनच वेगळं निघालेलं आहे.

"म्हणजे मठ फुटला," अप्पा म्हणाले. "कामून फुटला? तत्त्वावरून का कारभारावरून?"

"दोन्हीवरून, थोडं थोडं."

"नेहमीचंच हाय."

त्यांनी वहीत दोन रकाने आखले. कुणाची पानं वाचायला सोपी, कुणाच्या दुरुस्त्या किती दिवसांनी येतात, अडलं तर विचारायचं कुणाला. शेवटी त्यांनीच ओपीएनसेन्स निवडलं. ज्या ग्रंथाची वरचेवर शुद्धी होते तो बरा, हे त्यांचं कारण. बीदरहून एक जुना कॉम्प्युटर आणला, फायरवॉल म्हणून त्यात दोन नेटवर्क कार्डं घातली आणि हॉलमध्ये देवघराच्या भिंतीला लागून ठेवला, कारण तार तिथूनच घरात येते. खंडेनवमीला माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अन्नपूर्णा आत्याबाईंनी, त्याला हळदकुंकू वाहिलं. मला फार बरं वाटलं होतं तेव्हा.

आता माझ्या शहाणपणाबद्दल सांगते. एकाच तारेवर, एकाच डब्यातून दोन वेगळी नेटवर्कं कशी चालतात, हे अप्पांना पटेना. मी आकृत्या काढल्या, रंग वापरले, इंग्रजी शब्द वापरले. चौथ्या दिवशी मी कंटाळून म्हणाले, "अप्पा, सोवळं-ओवळं समजा. घर एकच, माणसं तीच, पण सोवळ्यातलं ओवळ्याला शिवत नाही. तसं ह्या नेटवर्कातलं माहितीचं पाकीट त्या नेटवर्कातल्या पाकिटाला कधी शिवणार नाही. मध्ये फायरवॉल उभी."

अप्पांचा चेहरा उजळला. "अगं, मग हे सोपं हाय की. इतके दिवस इंग्रजीत कामून सांगायलीस?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथे शब्द मीच हातात दिला होता. आम्ही हसत हसत दोन वायफायना तीच नावं दिली. सोवळ्यावर माझा लॅपटॉप आणि, मी नीट साफ करून दिल्यावर, अप्पांचा पाठाचा टॅब. ओवळ्यावर टीव्ही, कॅमेरा, सगळ्यांचे फोन, पाहुणेरावळे आणि भिंतीपलीकडच्या पार्वतीबाई, ज्यांच्या घरात आमचंच वायफाय चालतं. ओवळ्याचे नियम मीच लिहिले आणि कडक लिहिले. वेग मोजका. सोवळ्यातल्या यंत्रांकडे वाट बंद. व्हीपीएन, म्हणजे माझ्या लॅपटॉपपासून कंपनीपर्यंत जाणारा बंद बोगदा, ओवळ्यातून उघडणार नाही. फायरवॉलचं स्वतःचं पानसुद्धा ओवळ्यातून दिसणार नाही.

अप्पा शेजारी बसून प्रत्येक ओळ विचारत. एकदा त्यांनी विचारलं की अडवायचे हे दोन प्रकार कशाला. मी सांगितलं, एकात समोरच्याला "नाही" असं उत्तर जातं. दुसऱ्यात उत्तरच जात नाही, त्याला कळतच नाही की दार बंद आहे की घरात कोणी नाही. मी दुसरा वापरते.

"हे बरं न्हाई," अप्पा म्हणाले. "न्हाई म्हणायचं असंल तर तोंडानं म्हणावं माणसानं."

कंपनीने दुरून सगळं तपासलं आणि पास केलं. माझ्या वरिष्ठ बाईंनी लिहिलं की घरून काम करणाऱ्यांत इतकं नीटनेटकं नेटवर्क त्यांनी पाहिलं नव्हतं. त्या आनंदात मी अप्पांना फायरवॉलवर त्यांच्या नावाचं खातं उघडून दिलं. आचार्य हे नाव आणि त्यांच्या आवडीचा पासवर्ड. नियम बघता येतील, लिहिताही येतील. हाताने पायावर धोंडा मारून घेणं म्हणतात ते हेच, पण मारताना मला अभिमान वाटत होता. मी शिकवलेल्यांत त्यांच्याइतका चांगला विद्यार्थी मला मिळाला नव्हता, आणि हे मी आजही खोटं म्हणणार नाही.

महिन्यातले तीन दिवस मी मागच्या खोलीत बसते. या घरात ती पद्धत आहे, लग्नाआधी मला ती सांगितली होती आणि मी हो म्हटलं होतं. ताट उंबऱ्याशी येतं. हॉल, स्वयंपाकघर, देवघर बंद. लॅपटॉपचं काय, यावर आत्याबाईंनी दोन दिवस विचार करून प्लास्टिकला चालतं असा निकाल दिला होता. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच वाटायचं. स्वयंपाक नाही, हाका नाही, दार लावून काम. माझ्या हैदराबादच्या मैत्रिणींना हे सांगताना मी हसून सांगायचे, आणि त्या हसायच्या नाहीत.

सहावा महिना संपायला बारा दिवस होते. त्या आठवड्यात माझ्या दोन्ही पाळ्या एकदम आल्या. कंपनीची पाळी अशी की सात दिवस, कुठल्याही गिऱ्हाइकाची लाइन पडली तर पंधरा मिनिटांत मी हजर पाहिजे. मंगळवार, माझा मागच्या खोलीतला दुसरा दिवस. सकाळी दहाला फोन आला की एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या चाळीस शाखा बंद पडल्या आहेत. मी बोगदा उघडायला गेले. उघडेना.

आदल्या दिवशी काही काम नव्हतं, म्हणून मी तो उघडून बघितलाही नव्हता. आता पुन्हा पुन्हा प्रयत्न केला. उत्तर नाही. नाही म्हणूनही उत्तर नाही. लॅपटॉप बंद करून सुरू केला. वेबसाइट उघडत होत्या, हळू, पण उघडत होत्या. मोबाइलवरून जावं तर त्या खोलीत सिग्नलची एकच काडी येते, आणि तसंही कंपनी आमच्या घराच्या नोंदवलेल्या इंटरनेट-पत्त्याशिवाय दुसरीकडून बोगदा उघडू देत नाही. मी केबलवाल्या काशप्पाला फोन केला आणि त्याला वाटेल ते बोलले. बिचारा अर्ध्या तासात मोटरसायकलवर आला, तारा बघून मागच्या अंगणात खिडकीखाली येऊन उभा राहिला.

"अक्का, लाइन फुल हाय. तुमचा टीव्ही चालायलाय, बाजूच्या पार्वतीबाईचाबी चालायलाय. तुमच्या एकटीलाच काय झालंय?"

मी त्याला तरीही दोन शब्द सुनावले. तो गेल्यावर मी चडफडत वेग मोजला, आणि आकडा पुन्हा एकदा बघितला. तो आकडा माझ्या ओळखीचा होता. पाहुण्यांना एवढाच वेग द्यायचा म्हणून मीच तो लिहिला होता. फायरवॉलचं पान उघडायला गेले, तेही दिसेना. लॅपटॉप सोवळ्यावरच होता. पण त्याला सगळे नियम ओवळ्याचे लागले होते.

मी मधल्या दाराच्या उंबऱ्यापर्यंत गेले. अप्पा हॉलमध्ये पाटावर बसून रविवारच्या पाठाची टिपणं काढत होते.

"अप्पा, तुम्ही माझ्या लॅपटॉपवर काही नियम लावलाय का?"

त्यांनी वर बघितलं, मग पुन्हा वहीकडे. "लावलाय की. पाठाचा टॅब त्याच नेटवर्कावर हाय न्हवं का. शिवाशिव नको म्हणून तुझ्या लॅपटॉपाला ओवळ्याचे नियम लावले. नवीन काही लिहिलं न्हाई, तुझेच उतरवून घेतले." मग थोड्या समाधानाने म्हणाले, "ह्या महिन्यापासून वेळापत्रक लावलंय. चौथ्या दिवशी आपोआप निघतंय."

"अप्पा, माझी नोकरी जाईल. ते आत्ता काढा."

"नोकरी कशानं जाईल? नेट तर चालू हाय तुझं. पार्वतीबाई त्याच्यावरच दिवसभर बघत बसतेय."

"माझं काम त्यातून होत नाही. ते मीच बंद केलंय." हे बोलताना माझा आवाज चढला. "आणि लावायचं होतं तर मला तोंडानं सांगायचं होतं."

अप्पा खरोखर अवघडले. कानशिलं लाल झाली. "असल्या गोष्टी सासऱ्यानं सुनेला तोंडानं कशा सांगायच्या?"

या माणसाला लाज वाटत होती म्हणून त्याने नियम लिहिला होता. बोलण्यापेक्षा ते सभ्य, असं त्याला मनापासून वाटत होतं. मला संताप आला होता, आणि त्या संतापाला धरायला समोर एक लाल झालेला म्हातारा तेवढा होता.

आत्याबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. काय झालं ते ऐकून म्हणाल्या, "काढा, तिच्या नोकरीचं हाय तर काढा. मग मी तुमच्या आंघोळीचं पाणी पुन्हा ठेवते." मन मोठं होतं त्यांचं, तेही सांगायला हवं.

मग अप्पा टॅब घेऊन उंबऱ्यापासून चार हात अंतरावर उभे राहिले. मी टॅबला हात लावायचा नाही, त्यांनी अलीकडे यायचं नाही. मी सांगायचे, डावीकडं, खाली, ते नाही, त्याच्या खालचं. ते दुसरंच काही उघडायचे आणि चष्मा पुसायचे. माझ्या हातातला फोन सारखा वाजत होता. मी दोन मिनिटांत केलं असतं ते काम आम्ही पंचवीस मिनिटं करत होतो, आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही की उंबरा ओलांडावा. हे मला सगळ्यात जास्त लागतं. कुणी मला धरून ठेवलं नव्हतं.

मध्येच त्यांच्याकडून वेळापत्रकाचं पान उघडलं गेलं, आणि त्यांनी टॅब माझ्याकडे वळवून धरला. त्यात पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा भरलेल्या होत्या, तीन-तीन दिवसांच्या. प्रत्येकीसमोर अप्पांच्या पद्धतीने नेटकं लिहिलेलं, "वि. बाहेर". वि. म्हणजे मी, विनीता.

"तारखा कुणी दिल्या?" मी विचारलं.

"तिनं," अप्पांनी आत्याबाईंकडे न बघता सांगितलं. "कॅलेंडर बघून."

आत्याबाई म्हणाल्या, "एखादा दिवस मागंपुढं व्हायचा. तुझं नियमित हाय, म्हणून जमलं."

नियम निघाला तेव्हा पावणेएक वाजला होता. तोवर पुण्याच्या एका सहकाऱ्याने माझं काम करून टाकलं होतं. दुपारी वरिष्ठ बाईंचा निरोप आला की काय झालं ते संध्याकाळपर्यंत लिहून द्या. फायरवॉलच्या नोंदीत सगळं होतं. कोणत्या तारखेला, किती वाजता, आचार्य या नावाने कोणता नियम आला. ती नोंद पाठवली असती तर बाईंना कळलं असतं. त्या वाईट नाहीत, कदाचित त्यांनी मला वाचवलंही असतं. पण मग कंपनीतल्या चार लोकांच्या बैठकीत "वि. बाहेर" याचा अर्थ कुणीतरी कुणाला तरी इंग्रजीत समजावून सांगितला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत मी लिहिलं की नियम लिहिताना माझ्याकडून चूक झाली.

त्यांनी ते खरं मानलं. जी आपल्या घरची फायरवॉल सांभाळू शकत नाही तिला गिऱ्हाइकांची कशी द्यायची, असं कुणीतरी म्हणालं असावं. शुक्रवारी पत्र आलं. घरून काम बंद, एक तारखेपासून हैदराबादच्या ऑफिसात हजर राहावं, नाहीतर राजीनामा द्यावा.

गिरिधरला पत्र दाखवलं. त्याने ते दोनदा वाचलं. "तीन दिवसांचा तर प्रश्न होता. तू आदल्या दिवशीच बघून घ्यायला पाहिजे होतं. आणि अप्पांना हे सगळं शिकवलं कुणी?"

"मीच."

"मग." पत्राची घडी करून परत देत म्हणाला, "तुला जायचं तर जा. मी अडवायलो न्हाई."

तो अडवत नव्हता. येतो असंही म्हणत नव्हता, थांब असंही म्हणत नव्हता. इतिहासाचा माणूस, झालं की मग मत देतो. मी राजीनाम्याचा मजकूर लिहून ठेवला. वाटलं, भालकीत मुलांना शिकवेन, उसाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर काम मिळेल, काहीतरी करेन. दोन दिवस तो मजकूर तसाच पडून होता, पाठवायचं तेवढं बाकी होतं.

रविवारी पाठ संपल्यावर पार्वतीबाई आल्या. सोबत त्यांची सून मंजुश्री, बँकेच्या परीक्षेचे ऑनलाइन क्लास करणारी, दोनदा थोडक्यात हुकलेली. पार्वतीबाई सरळ अप्पांशी बोलायला लागल्या.

"आचार्य, तुमच्या घरी ते तीन दिवसांचं काय लावलंय म्हणं मशिनीत. आमच्याकडंबी लावून द्या की. ह्या पोरीला काही सांगायलाच नको मग, वेळेवर आपोआप."

"विनीता देईल लावून," अप्पा म्हणाले. "तिचंच हाय ते सगळं."

त्यांनी ते कौतुकाने म्हटलं. पार्वतीबाई माझ्याकडे वळल्या. "तारखा मी सांगते, तू लिहून घे."

मंजुश्री फरशीकडे बघत होती. तिचा मोबाइल तिच्या हातात होता आणि ती तो पदराखाली घेत होती. मी विचारलं, "तुझे क्लास कधी असतात गं?" ती म्हणाली, "रोज." मग पार्वतीबाई तारखा सांगायला लागल्या, माझ्या सासऱ्यांसमोर, माझ्या नवऱ्यासमोर, मोठ्याने, आणि कुणालाच त्यात काही वाटलं नाही. माझं डोकं सणकलं.

मी म्हणाले, "मी लावून देणार नाही. मी एक तारखेला हैदराबादला चाललेय."

हे मी तिथेच ठरवलं. त्याआधी ठरलेलं नव्हतं. पार्वतीबाईंनी अप्पांकडे बघितलं. गिरिधरने टीव्हीचा आवाज कमी केला. आत्याबाई म्हणाल्या की हे बाहेरच्या माणसांसमोर बोलायचं नव्हतं. त्या रात्री आणि पुढे निघेपर्यंत त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. गिरिधर माझ्या बॅगेला कुलूप आणून देण्याइतका चांगला वागला.

जाण्याआधी मी फायरवॉलवर आचार्य हे खातं बंद केलं. मुख्य खातं माझ्याकडे होतं, आता नियम कुणाला लिहिता येणार नव्हते. मी हे कुणाला सांगितलं नाही. तेवढं एक काम मी त्या घरात माझ्या मनासारखं केलं, आणि त्याचं मला बरंही वाटलं.

एक तारखेच्या आदल्या दिवशी सकाळी बसस्टँडवर अप्पा मला सोडायला आले. गिरिधरला कॉलेज होतं. अप्पांनी माझी जड बॅग स्वतः उचलली, मला खिडकीची जागा धरून दिली, पाण्याची बाटली भरून आणली. मग खिडकीखाली उभे राहिले. काहीतरी बोलायचं आहे हे दिसत होतं. कानशिलं तशीच लाल झाली होती. मी वाट बघितली. मला वाटलं, चुकलं म्हणतील. ते म्हणाले असते तर मी उतरले असते का, हे मला माहीत नाही. पण वाट मी बघितली.

"विनीता," ते म्हणाले, "माझं खातं उघडंना झालंय. रविवारी पाठ हाय, त्याच्याआधी नियम बघून घ्यावे लागतेत. तुझ्या त्या मुख्य खात्याचा पासवर्ड तेवढा सांगून जा."

त्यांनी खिशातून छोटी वही काढली, पेनचं टोपण दातात धरलं. कंडक्टरने दार लावलं. पासवर्ड चुकीचा सांगावा असं मला फार वाटलं. मी बरोबर सांगितला, एकेक अक्षर. त्यांनी तो लिहून घेतला आणि बस हलेपर्यंत दोनदा वाचून दाखवला.